शिखरावर येऊ नका, असे गावाने सांगितले तर

पत्राचा सारांश: जळगाव शहरातील एक वाचक मित्रांसह भटकंतीचा गट चालवतात. गेल्या हिवाळ्यात हा गट नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याच्या बाजूच्या, सातपुड्यातील एका डोंगरावर जाऊन आला. माथ्यावर आदिवासींचे देवस्थान, म्हणजे ठाणे, आहे. सहलीच्या, ड्रोननेही टिपलेल्या चित्रफिती पुष्कळ पाहिल्या गेल्या आणि त्यानंतर इतर गटही तिकडे जाऊ लागले. आता पायथ्याच्या पाड्याने निरोप पाठवला आहे की पावसाळ्यातील गावपूजा होईपर्यंत डोंगरावर कोणीही येऊ नये, आणि एरवीही बाहेरच्यांनी खालच्या झऱ्यापर्यंतच यावे, माथ्यावरच्या ठाण्यापाशी जाऊ नये. पूजेआधी पाड्यातले लोक स्वतःही वर जात नाहीत. वाचकांच्या गटाची सहल मात्र कानबाई या खानदेशातल्या श्रावणी सणानंतरच्या रविवारी ठरली आहे, लोकांनी आगाऊ पैसे भरले आहेत, आणि पाड्यातलाच एक जीपवाला ‘चला, मी नेतो’ म्हणतो आहे. गटात ‘कोण अडवतो बघू’, ‘बंदी पक्की व्हायच्या आत जाऊन येऊ’ असे संदेश येत आहेत. गटातील एक आदिवासी तरुण, मूळचा अक्राणीतल्याच धडगावकडचा, ‘दादा, मी येणार नाही’ एवढेच लिहून गटातून बाहेर पडला. वाचक विचारतात: “डोंगर वनखात्याचा आणि देव सगळ्यांचा, मग आम्हाला अडवणारे हे कोण? ज्या साने गुरुजींनी विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, त्यांच्या कर्मभूमीत देवाच्या दारी बंदी असावी, हे पटत नाही. आम्ही कचरा करत नाही, दारू पीत नाही, गावाला चार पैसेही मिळतात. सहल न्यावी की रद्द करावी?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या हाती दिवस थोडे आहेत, म्हणून उत्तर आधी आणि कारणे नंतर देते. ही सहल त्या डोंगरावर नेऊ नये, असे मला वाटते. मात्र तुमचा प्रश्न एका रविवारपुरता नाही आणि तुमची कारणे झटकून टाकण्याजोगीही नाहीत. त्यातही साने गुरुजींचे नाव तुम्ही घेतले आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करायला हवी.

1947 च्या मे महिन्यात गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या भक्तांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या या माणसाचा वारसा खानदेशाने अभिमानाने सांगावा, यात वाद नाही. पण त्या प्रसंगी दार कोणी लावले होते आणि बाहेर कोण उभे होते, हे जरा आठवून पाहा. ज्यांच्याकडे प्रतिष्ठा, पोथी आणि गावचा कारभार होता, त्यांनी त्याच विठ्ठलाच्या भक्तांना केवळ जन्मावरून उंबऱ्याबाहेर ठेवले होते. तुमच्या बाबतीत दार लावणारा पाडा सत्तेच्या कोणत्याही उतरंडीत तुमच्या वर नाही, आणि तुम्हीही त्या देवाचे अडवले गेलेले भक्त नाही. तुम्ही भटकंतीला गेलात आणि वाटेत देव भेटला. शिवाय पाड्याने कोणाची जात विचारलेली नाही. झऱ्यापर्यंत सगळ्यांनी यावे, माथ्यावर बाहेरच्या कोणीच जाऊ नये, आणि पूजेआधी तर आम्हीही जात नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. नियम करणारा तो आधी स्वतः पाळतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मंदिरप्रवेशाच्या लढ्यात नेमकी तीच गोष्ट नव्हती.

इथे एक शंका मी स्वतःच काढते. उद्या एखाद्या ठिकाणी ‘पुरुषांनी यावे, बायकांनी नको’ असा नियम निघाला तर? तसा नियम मला रुचणार नाही आणि परंपरेचे नाव सांगून कोणी तो मला पटवूही शकणार नाही. तरीही तो मोडायला शहरातून गट घेऊन जाण्याऐवजी त्या पाड्यातल्या बाया काय म्हणतात, हे मी आधी ऐकेन. तुमच्या पत्रातला नियम त्या प्रकारचा नाही, म्हणून हा विषय इथेच सोडते.

‘देव सगळ्यांचा’ हे तुमचे वाक्य खरे आहे. त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मात्र मला घाईचा वाटतो. सहल कानबाईनंतरच्या रविवारी ठेवली, असे तुम्ही सहज लिहून गेलात, त्यावरून तुमच्या घरी किंवा भाऊबंदांत कानबाई बसत असावी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाईच्या दर्शनाला गल्लीतले कोणीही येते, गाणी म्हणते, रात्र जागवते. पण घरातल्या माणसांच्या नावाने मोजून दळलेल्या गव्हाचे रोट बहुतेक घरांत भाऊबंदकीच्या बाहेर जात नाहीत. शेजारीण कितीही जिवाभावाची असो, तिच्या ताटात त्या दिवशी रोट वाढला जात नाही, आणि त्यावरून ती रुसतही नाही. कानबाई सगळ्यांची असून रोट घरचा, ही व्यवस्था आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की तिला कोणी बंदी म्हणत नाही. त्या पाड्याने झरा सर्वांना मोकळा ठेवून माथा आपल्यापुरता राखला, तर तेही असेच समजून घेता येईल. कैलासाचेच पाहा: आपण त्याला प्रदक्षिणा घालतो, माथ्यावर पाय ठेवत नाही, आणि त्यामुळे कैलास आपल्याला परका झालेला नाही.

आदिवासी समाज बाहेरच्यांना दूरच ठेवतो, असा समजही करून घेऊ नका. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या यात्रेला महाराष्ट्रातून आणि गुजरातेतून माणसे जातात, अश्वत्थाम्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या शिखरावर चढतात. सातपुड्यातले प्रत्येक ठाणे बंद नाही. काही खुली आहेत, काही ठरावीक दिवशी खुली आहेत आणि काही गावापुरती आहेत. कोणते कसे, हे तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि गेल्या हिवाळ्यात तुमच्या गटाने कोणाला विचारले होते, याचा उल्लेख पत्रात नाही.

आता ‘डोंगर वनखात्याचा’ या मुद्द्याकडे येते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचे उदाहरण घ्या. तिचे मंदिर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार अभयारण्यात शिरण्यावर निर्बंध आहेत आणि पर्यटनालाही परवानगी लागते, हे तुमच्यासारख्या जुन्या भटक्याला मी सांगायला नको. तिथे वनरक्षकाने ‘इथून पुढे जाऊ नका’ म्हटले तर तुम्ही मुकाट्याने मागे फिराल आणि गटालाही फिरवाल. मग पाड्याच्या कारभाऱ्याने तेच सांगितले की मात्र ‘हे कोण?’ असा प्रश्न का पडतो? खाकी गणवेशातल्या माणसाचा नियम आपण नियम मानतो आणि डोक्याला फडके बांधलेल्या माणसाचा नियम आपल्याला अडवणूक वाटते. हा दोष एकट्या तुमचा नाही. शहरात वाढलेल्या आपल्या सगळ्यांना ही सवय जडलेली आहे.

कायदाही या बाबतीत तुम्ही समजता तितका एकतर्फी नाही. अक्राणी हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका आहे. तिथे 1996 चा पेसा कायदा, म्हणजे अशा आदिवासी क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा कायदा, लागू होतो आणि तो आपल्या रूढी-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्यास ग्रामसभेला सक्षम मानतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला, आणि नैसर्गिक व सांस्कृतिक वारशाला बाधा पोहोचवणाऱ्या गोष्टींपासून आपला अधिवास राखण्याचे अधिकारही ग्रामसभेला दिले. ओडिशातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हा प्रश्न 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवला, तेव्हा तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या श्रद्धेला त्या विचारात स्थान होते, आणि सर्वच्या सर्व 12 ग्रामसभांनी खाण नाकारली. खाण आणि तुमची सहल एका मापाने मोजता येणार नाही, हे उघड आहे. परंतु डोंगर सरकारी नोंदीत वनखात्याचा असला म्हणून गावाला त्यावर बोलण्याचा हक्कच नाही, हे गृहीत तेवढे सोडून द्यावे. (पाड्याला कायद्याने तुमची गाडी अडवता येईल का, हा वकिलाचा प्रश्न आहे. अडवता येणार नाही असे वकिलाने सांगितले, तरी माझे उत्तर बदलत नाही.)

‘गावाला चार पैसे मिळतात’ हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचले. त्याच पत्रात तुम्ही कौतुकाने लिहिता की हिवाळ्यात भरीत-पुरीचे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि फरसाण सगळे जळगावहूनच नेले होते, त्यामुळे कोणाला त्रास दिला नाही. मग चार पैसे कोणाला मिळाले? जीपवाल्याला. तो पाड्यातलाच आहे, त्याचेही पोट आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण एका जीपचे भाडे हा गावाचा रोजगार नव्हे, आणि समजा सगळ्या पाड्याला पैसे मिळाले असते, तरी त्या बदल्यात ठाणे खुले करायचे की नाही, हे ठरवायचे त्यांनीच.

कचरा न करणे चांगलेच आहे. तुमच्यासारखे गट थोडे आहेत. मात्र तुमच्या चित्रफितीत माथ्याची वाट, झरा, फाट्यावरचे दुकान असे सगळे दिसते आणि खाली ठिकाणाची खूणही टाकलेली आहे. पुढे आलेले गट तीच खूण धरून आले. त्यांनी काय केले याचा जाब तुम्हाला कोणी विचारणार नाही, तरी त्यांना वाट दाखवली ती तुम्हीच, हे नाकारता येत नाही. आणि तुमच्या त्या ड्रोनचा आवाज? नवस फेडायला आलेले घर ठाण्यापुढे बसले आहे, पुजारा धान्याचे दाणे मांडतो आहे, आणि डोक्यावर ते यंत्र घोंघावते आहे. आपल्या घरच्या सत्यनारायणाच्या वेळी खिडकीशी असे काही आले असते, तर आपण आरती संपेपर्यंतसुद्धा थांबलो नसतो.

पावसाळ्याचा धोका मी वेगळा समजावत नाही, फक्त एका बाजूकडे लक्ष वेधते. 2025 च्या ऑक्टोबरात अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदसैली घाटात कोसळली आणि माणसे दगावली. त्या रस्त्यांना चूक परवडत नाही. वर डोंगरात तुमच्यातल्या कोणाचा पाय मोडला, तर रुग्णवाहिका पायथ्यालाही येईलच असे नाही. बांबूला झोळी बांधून ओढ्याच्या पाण्यातून तुम्हाला खाली आणतील ती याच पाड्यातली माणसे, ज्यांनी येऊ नका म्हणून सांगितले होते. ती आणतील, याबद्दल मला शंका नाही. पण नकार डावलून जायचे आणि मदत मात्र गृहीत धरायची, हे बरे दिसत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू नावाचा तांबड्या वालुकाश्माचा डोंगर आहे, भोवतालच्या सपाटीवर 348 मीटर उंच उठलेला. तिथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे अनंगूंना, तो पवित्र आहे. पर्यटकांच्या सोयीसाठी 1964 मध्ये त्यावर साखळी ठोकण्यात आली. 1985 मध्ये जमिनीची मालकी अनंगूंना परत मिळाली, तरी चढाई चालूच राहिली, कारण ‘चढू नका’ ही त्यांची फक्त विनंती होती. पायथ्याशी ती विनंती लिहिलेला फलक आणि त्याच्या शेजारून साखळी धरून वर जाणारी माणसे, असे अनेक वर्षे चालले. अखेर 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली, आणि त्याआधीच्या दिवसांत ‘आता पुन्हा मिळणार नाही’ म्हणून लोकांनी रांगा लावल्या. त्या डोंगरावर 35 हून अधिक माणसे दगावली आहेत. आपल्या भूमीवर पाहुणा मेला की त्याचे दुःख आणि जबाबदारी आपल्याकडे येते, असे अनंगू मानतात, आणि चढाईला त्यांचा जो विरोध होता त्यात हेही एक कारण होते. बंद झाली ती चढाई; डोंगराभोवतीची सुमारे 10 किलोमीटरची पायवाट आजही खुली आहे आणि जगभरातून माणसे ती चालायला येतात. मला यातला रांगांचा भाग सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. कोणाचे काय दुखते हे कळल्यावरही आपल्याला आधी आपली संधी हुकण्याची भीती वाटते, आणि तुमच्या गटातील ‘बंदी पक्की व्हायच्या आत जाऊन येऊ’ म्हणणारे सदस्य त्याच रांगेत उभे आहेत.

आपल्याकडेही असे घडले आहे. झारखंडमधील पारसनाथ डोंगर, म्हणजे जैनांचे सम्मेद शिखरजी, पर्यटनस्थळ म्हणून विकसित होऊ नये यासाठी देशभर मोर्चे निघाले आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने तिथल्या पर्यटनविषयक कामांना स्थगिती दिली. तीर्थक्षेत्राची सहलीची जागा होऊ नये, ही मागणी तेव्हा जैन नसलेल्या पुष्कळांनाही रास्त वाटली होती. त्याच डोंगराला संथाळ आदिवासी मरांग बुरू म्हणून पूजतात आणि त्यांनीही आपला हक्क सांगितला, म्हणून तो प्रश्न वाटतो तितका सरळ राहिला नाही, ही गोष्ट वेगळी. पण शेटजींनी मागितलेली शांतता आपल्याला श्रद्धा वाटते आणि पाड्याने मागितलेली शांतता आडमुठेपणा वाटते, असे तर होत नाही ना, हे मनाशी एकदा तपासून पाहावे.

माझ्या मनात पाड्याच्या बाजूनेही एक साशंकता आहे, ती लपवत नाही. आज गावाच्या नावाने आलेला नियम उद्या दोन-चार कारभाऱ्यांच्या हातात जाऊन पावती फाडण्याचे साधन होऊ शकतो. गरिबाला थांबवायचे आणि पुढाऱ्याच्या पाहुण्यांना माथ्यापर्यंत न्यायचे, असेही होऊ शकते. तसे झाले तर त्या नियमाचा मान राहणार नाही. म्हणूनच निरोप कोणाचा आहे, हे समजून घेणे तुमचे काम आहे. जीपवाला ‘चला’ म्हणतो, तो एकट्याचा होकार आहे. निरोप आणणाऱ्याचाही तो एकट्याचा नकार असू शकतो. पेसाखाली पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, तेव्हा प्रश्न तिथेच विचारावा.

त्यासाठी गट घेऊन जाऊ नका. दोघे जा, शनिवार-रविवार सोडून जा, कॅमेरा घरी ठेवा. आधी पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना फोन करून कोणाला भेटायचे ते विचारा. सुरुवातीलाच देणगीची गोष्ट काढू नका. त्याने बोलणे व्यवहारावर येते आणि नकार देणे त्यांना अवघड होते. ‘येऊ का?’ असे विचारण्यापेक्षा ‘केव्हा, कुठपर्यंत आणि किती जणांनी आलेले चालेल?’ असे विचारावे आणि मिळेल ते उत्तर कागदावर उतरवून त्यांना वाचून दाखवावे. माथ्याला नाही म्हणाले तर कारण खोदून विचारू नका, कारण काही ठाण्यांची कारणेही बाहेर सांगायची नसतात. ग्रामसभेने ठराव केला असेल, तर त्याची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावी आणि फाट्यावर साध्या मराठीत फलक लावावा, असे जरूर सुचवा. फलकाचा खर्च तुमच्या गटाने दिला तर उत्तमच. वनखात्याची परवानगी लागत असेल तर ती वेगळी घ्यावी लागेल, गावाच्या होकाराने ती मिळाली असे होत नाही. आणि पूजेनंतर झऱ्यापर्यंत जायचे ठरले, तर निम्मीच माणसे न्या, पाड्यातल्याच माणसाला वाटाड्या म्हणून ठरलेली मजुरी द्या आणि जेवण पाड्यातल्या एखाद्या घरी सांगा. जळगावचे भरीत एका दिवसासाठी राहू द्या.

जुन्या चित्रफिती काढून टाकाव्यात. निदान ठिकाणाची खूण आणि वाटेचे दृश्य तरी काढावे, आणि का काढले ते दोन ओळींत लिहावे, म्हणजे तुमच्यामागून येणाऱ्या गटांपर्यंतही निरोप पोहोचेल. इतर भटक्या गटांनीही निघण्याआधी पायथ्याशी फोन करण्याची सवय लावून घ्यावी. नकाशावर वाट दिसते म्हणून ती चालायला मोकळी आहे, असे समजू नये.

आता त्या तरुणाविषयी, ज्याच्यावर तुम्ही पत्रात सर्वांत कमी लिहिले आहे. ‘त्याने ऐन वेळी साथ सोडली’ असा तुमचा सूर आहे. मला ते वेगळे दिसते. हिवाळ्यात तो तुमच्याबरोबर त्या माथ्यावर होता. त्याच्या नात्यागोत्यातल्या कोणी ती चित्रफीत पाहिली असेल, तर ‘तूच यांना वर नेलेस का?’ हे त्याला ऐकावे लागले असेल. इकडे गटात ‘कोण अडवतो बघू’ असे संदेश येत होते आणि ते त्याच्याच माणसांविषयी होते. तो भांडला नाही, त्याने उपदेश केला नाही, तुम्हाला दादा म्हणून एका वाक्यात नाही म्हणाला. याहून अधिक अदबीने नाही म्हणणे मला तरी सुचत नाही. त्याला फोन करा, पण मध्यस्थी करायला सांगण्यासाठी नको. तो ओझे दोन्ही बाजूंनी आधीच वाहतो आहे. सहल तिकडे नेत नाही, एवढे सांगा आणि ते संदेश तुम्ही वेळीच थांबवायला हवे होते हे कबूल करा. गटात परत ये, असा आग्रह धरू नका. यायचे असेल तर तो येईल.

पैसे भरलेल्या सदस्यांना आजच लिहावे: पाड्याची पूजा व्हायची आहे, तोवर डोंगर बंद आहे, म्हणून सहल तोरणमाळला किंवा पाटणादेवीला नेत आहोत, ज्यांना मान्य नसेल त्यांनी पैसे परत घ्यावेत. पाटणादेवीला गेलात तर भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापलेल्या मठाची नोंद असलेला शिलालेख त्या परिसरात सापडला होता, हे गटाला सांगायला विसरू नका. दोन्ही ठिकाणी पावसात काय बंद आहे, याची मात्र आधी चौकशी करा. आणि जीपवाल्याला इसार दिला असेल तर तो परत मागू नये. त्या रविवारचे दुसरे भाडे त्याने तुमच्या भरवशावर सोडले असेल.